तपासणीआधी बुडवलेली होडी

मी होड्या तपासते असे सांगितले की समोरचा माणूस आधी माझा पत्ता तपासतो. "म्हणजे कोकणात असता?" नाही, इंदापूर तालुक्यात. "तिथे तर ऊस." ऊस आहेच. लासुर्ण्याला माझे वडील तोच लावतात. बारामतीला पदार्थविज्ञान शिकून मी पुढे नौकाबांधणीच्या अभ्यासाला समुद्रकिनारी गेले, तेव्हा भावकीतल्या एका काकांनी त्यांना पारावर विचारले होते, "पोरगी माघारी येऊन कॅनॉलमधी जहाज चालवणार हाय का?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. ते मी आता देत आहे.

तालुक्याच्या उत्तर अंगाला उजनीचे पाणी पसरले आहे. धरण बांधले, भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली, माणसे वरच्या माळावर सरकली. नदीत पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या भोई कुटुंबांना मात्र नदीच्या जागी एकाएकी किनारा मिळाला. वारा सुटला की या पाण्यावर लाटा उठतात. नदीच्या बुटक्या, सपाट होड्या त्यांना पुरेनात. मग त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी होडीचे नाक उंचावले, पोट रुंद केले, बाजू वर घेतल्या. कागदावर आराखडा कोणीच काढला नाही; एका होडीत उमगलेली चूक पुढच्या होडीत दुरुस्त होत गेली. समुद्रकाठच्या होड्यांना ज्या कामासाठी शतके लागली, ते या काठाने एका हयातीत उरकले. मला या वारशाचा अभिमान आहे, आणि अभिमानालाही मोजमापाचा आधार असावा असे वाटते. म्हणून समुद्रावरची नोकरी न घेता मी इकडे परत आले. तिकडे माझ्यासारखे पुष्कळ होते. या पाण्यावर मी एकटीच आहे, आणि एकटे असण्याचे फायदे महत्त्वाकांक्षी माणसाला लवकर कळतात.

मच्छीमारांच्या एका संघात मी तांत्रिक अधिकारी आहे. माझे सगळे काम दोन प्रश्नांत मावते. होडीत पाणी शिरते का? आणि कलली तर ती आपणहून सरळ होते का? बाकीचे कागद या दोन प्रश्नांभोवती गुंडाळलेले असतात.

दुसरा प्रश्न लोकांना अवघड वाटतो. तो समजावण्यासाठी मी एक लग्न सांगते.

नवरदेव आमच्याच तालुक्यातल्या कळंबचा, नवरी धरणाच्या पलीकडच्या काठची. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून नवरदेवाच्या मित्रांनी वऱ्हाड पाण्यावरून न्यायचे ठरवले. होडी ठरवली सुनंदाताईंची. सुनंदाताई म्हणजे या काठावरच्या सर्वांत सावध नावाडी. त्यांचे पती साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असतात. होडी, जाळी आणि थंडीत पक्षी बघायला येणारे पर्यटक हा सगळा कारभार बाईंचा. वऱ्हाडातले तरुण गाण्याचे दोन मोठे बॉक्स घेऊन काठावर उतरले, आणि ते होडीच्या आडव्या फळीवर चढवून त्यांच्यापुढे उभ्याने नाचायचे असा त्यांचा बेत निघाला. मी त्या दिवशी योगायोगाने तिथे होते.

"मॅडम, तुमी सांगा ह्यांना," सुनंदाताई म्हणाल्या, "माझं आयकंनात."

मी सांगितले. होडी कलली की तिचा बुडालेला भाग एका अंगाला वाढतो आणि त्या अंगाचे पाणी तिला वर रेटते. या रेट्यानेच ती सरळ होते. पण होडीतले वजन जितके उंच, तितका तो रेटा अपुरा पडत जातो. आणि एका मर्यादेपलीकडे वजनच तिला खाली ओढू लागते. म्हणून बॉक्स तळाशी ठेवायचे आणि माणसांनी बसायचे. तरुणांनी माना डोलावल्या आणि बॉक्स फळीवर चढवले.

सुनंदाताईंनी वल्हे खांद्यावर घेतले. "आता माझं आयका. नवरदेव बसंल, बॉक्स बसंल. नाचायचं ज्यांना आसंल त्यांनी पाण्यातनं नाचत या. मी पुढं जाऊन नवरीला सांगते, वऱ्हाड भिजून येतंया म्हणून."

बॉक्स खाली उतरले. माझ्या विवेचनापेक्षा त्यांचे विवेचन आटोपशीर होते हे मान्य करते. मात्र निष्कर्ष दोघींचा एकच होता.

विक्षिप्त अर्जदारही भेटतात. भवानीनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या शेततळ्यासाठी उरलेल्या प्लायवूडची होडी स्वतः बनवली होती. कारखान्यातल्या बॉयलरला असते तसे प्रमाणपत्र त्यांना होडीवर डकवायचे होते. मी त्यांना होडीत बसवले, एका अंगाला थोडे सरकायला सांगितले, आणि ते होडीसह दिसेनासे झाले. तळे कमरेइतके होते. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, "म्हणजे नापास समजायचं का?" त्या होडीत आता त्यांच्या गाईंची पेंड असते. त्या कामासाठी ती उत्तम आहे, असे मी त्यांना आनंदाने लिहून द्यायला तयार आहे.

ज्या कामगिरीबद्दल मला मनापासून लिहायचे आहे, ती मात्र एका लाकडी होडीची आहे.

पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तशी वरच्या पातळीवर सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली. तिच्यातून नियमांचा एक मसुदा निघाला: पाहुण्यांना पाण्यावर नेण्याची परवानगी यापुढे फक्त फायबरच्या होड्यांना द्यावी. फायबर वाईट नाही. ते हलके असते, झिरपत नाही, त्याला डागडुजी कमी लागते. माझा आक्षेप तर्काचा होता. होडी कशाची आहे यावर तिचे बुडणे ठरत नाही. ती कशी आहे यावर ठरते. मग परीक्षा पदार्थाची का घ्यायची, वागण्याची का नाही? मी तपासणीची पद्धत लिहून पाठवली. किती गळती चालेल, किती वजनाला किती कलणे चालेल, हे आधीच ठरवून त्यात नमूद केले. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर उत्तर आले. एका लाकडी होडीची तपासणी माझ्या पद्धतीने होईल. ती उत्तीर्ण झाली तर काठावरच्या बाकीच्या लाकडी होड्यांनाही संधी. अनुत्तीर्ण झाली तर मसुदा आहे तसा लागू.

मी सुनंदाताईंची होडी निवडली. ती त्यांच्या सासऱ्यांनी, गेनूतात्यांनी, बांधलेली होती. तात्या या काठावरचे उरलेसुरले होडी बांधणारे; स्वभावाने तापट, आणि आपल्या कामाच्या सौंदर्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे. त्यांच्या दारातल्या लिंबाखाली आणखी एक होडी निम्मी उभी होती. परवानगी गेली तर तिला गिऱ्हाईक मिळणार नव्हते, आणि सुनंदाताईंना दुसऱ्या कुणाच्या तरी फायबरच्या होडीवर रोजाने जावे लागणार होते.

"लोकाची होडी मी वल्हवीन की," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "पर मंग कुणाला बशीव आन् कुणाला उतरीव, ह्ये मालक सांगणार. त्या वऱ्हाडागत मला कुणाला उतरवता यायचं न्हाय."

तपासणी दसऱ्यानंतर लगेच ठरली. पावसाळ्याच्या शेवटी मी होडीची लाकडे टोच्याने तपासून घेतली होती. फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या बाभळीच्या बरगड्या टणक होत्या. तळाच्या फळ्यांपैकी एक आंब्याची होती. आंबा लवकर कुजतो, म्हणून ती मी जास्त वेळ टोचली. तीही ठीक होती. मी निर्धास्त झाले.

खंडेनवमीला या काठावर होड्यांची पूजा होते. तात्यांनी ठरवले की यंदा तपासणीला साहेब येणार, तर होडी अशी दिसली पाहिजे की तिच्यावरून नजर हलू नये. त्यांनी ती पाण्याबाहेर ओढली, उपडी घातली, खरवडली, रंग धरावा म्हणून चांगली वाळवली आणि तिला ऑइलपेंट दिला. पोपटी अंग, लाल काठ, नाकावर दोन पांढरे डोळे. पूजा झाली, हार चढला. आणि तपासणी लांबणीवर पडली.

इथे या धंद्याची एक रीत सांगायला हवी. लाकडी होडी कामात नसली की तिला पाण्यात ठेवतात, आणि पाण्यात म्हणजे पाण्याखाली. काठाजवळच्या उथळात दगड भरून तिला बुडवतात. परक्याला वाटते, कुणाची तरी होडी गेली. प्रत्यक्षात ती तिथे सुरक्षित असते. यामागचे विज्ञान तुमच्या घरातही आहे. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, उन्हाळ्यात त्याच दारातून उजेड दिसतो. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, वाळले की आक्रसते. भिजलेल्या होडीच्या फळ्या एकमेकींना दाबून धरतात आणि सांधे मिटतात. तीच होडी ऑक्टोबरच्या उन्हात पडून राहिली, तर सांधे उघडतात.

तात्यांना हे ठाऊक नव्हते असे समजू नका. त्यांचा सगळा जन्म होड्या बुडवण्यात आणि वर काढण्यात गेला होता. पण रंगवलेल्या, हार घातलेल्या होडीत दगड भरायला त्यांचा हात उचलेना. आज साहेब येतील, उद्या येतील, असे म्हणत त्यांनी तिला उन्हातच ठेवले. वर रोज ओल्या फडक्याने तिचा रंग पुसत राहिले. मी त्या काळात दुसऱ्या काठावरच्या होड्यांमध्ये गुंतले होते.

दिवाळीच्या तोंडावर साहेब आले. पाहणी अधिकारी शहरातले, मितभाषी, नियमाला पक्के; माणूस सरळ होता. काठावर निम्मे गाव जमले होते. होडी ओढून आणलेली पाहताच तिच्या सांध्यांतल्या बारीक काळ्या रेषा मला दिसल्या, आणि पुढे काय होणार ते मला समजले.

होडी पाण्यात उतरवली. पोपटी रंग उन्हात झळकला, बायकांनी कौतुकाचा आवाज काढला. मग तळाच्या फळ्यांमधून पाणी वर येऊ लागले, सगळ्या सांध्यांतून, एकदमच.

"मॅडम, हे काय?" साहेबांनी विचारले.

तात्या पुढे झाले. "वाईच दम धरा, सायेब. पिऊ द्या तिला. तहानल्याली हाय."

"आजोबा, माणसं बसल्यावर ही तहान कुणी भागवायची?"

मागे कोणीतरी हसले. तात्यांची मान ताठच राहिली. हातातले फडके मात्र त्यांनी मुठीत चुरगाळले. सुनंदाताई होडीतले पाणी उपसू लागल्या होत्या. उपसण्यापेक्षा येण्याचा वेग जास्त होता.

साहेबांनी पेन काढले. "पाणी दिसतंय, ते मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले. "जे दिसतंय ते लिहायलाच हवं. पण पाणी येण्याची कारणं दोन असू शकतात. लाकूड कुजलं असेल, किंवा वाळलं असेल. कुजलेली होडी भिजवली तर गळती तशीच राहते, किंवा वाढते. वाळलेली भिजवली तर गळती थांबत जाते. आज दोन्हींत फरक दिसणार नाही. थोडे दिवस भिजल्यावर दिसेल."

"आणि नाही थांबली तर?"

"तर लाकडी होड्यांबद्दलचा माझा प्रस्ताव मी लेखी मागे घेईन. तुम्हाला त्यावर काही लिहायचीसुद्धा गरज पडणार नाही."

हे धाडस नव्हते, असे मला तेव्हा वाटले होते. मी लाकूड टोचून पाहिले होते, माझ्याजवळ पुरावा होता. पण बोलून झाल्यावर ती आंब्याची फळी आठवली. साहेबांनी पेनाला टोपण लावले. "भिजवा. मी पुन्हा येतो. पण पुन्हा एकदाच."

त्यांची गाडी गेली आणि खरी अडचण उभी राहिली. तात्या होडीच्या नाकापाशी जाऊन उभे राहिले.

"पूजा झाल्याली होडी हाय. सणाच्या तोंडावर तिच्यात दगुड भरायचं? आख्खा काठ म्हनंल, गेनूची होडी सायबाम्होरं बुडाली."

"तात्या, ती वाळलीये. तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"म्हाईत हाय! तू मला होडी शिकवती व्हय? मीच बांधली, मीच वाळवली, मला म्हाईत न्हाय व्हय?"

सुनंदाताईंनी उपसायचे भांडे खाली ठेवले. त्या सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"मामा, नवरीला हळद लावली की म्होरं न्हाऊ घालत्यात. तुमी निस्ती हळद लावली आन् बसवली उन्हात. ती करपंल न्हाय तर काय व्हईल?"

सगळा काठ हसला. तात्यांच्या मिशीखालीही काहीतरी हलले; ते दिसू नये म्हणून ते पाठ फिरवून उभे राहिले. तीच परवानगी समजून सुनंदाताईंनी हार उतरवून ठेवला आणि पहिला दगड स्वतः आत घातला. बाकीच्यांनीही हात लावला. पोपटी अंग सावकाश पाण्याखाली गेले. शेवटी फक्त नाक वर राहिले, आणि त्याच्यावरचे ते दोन पांढरे डोळे आमच्याकडे बघत राहिले.

त्या दिवाळीत मी करंज्या तळायला बसले. आई म्हणाली, "करंज्या तळतीयास का मोजतीयास?" मी मोजतच होते. लाकडाची जाडी, पाण्याचे तापमान, ओल आत शिरण्याचा वेग. आकडे माझ्या बाजूचे होते. पण आकड्यांना पणाला काही लावावे लागत नाही. ते मी लावले होते, आणि सुनंदाताईंनी माझ्याहून जास्त.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. दगड काढले, होडी उपसली, तरंगवली. आम्ही सगळे तळाकडे बघत राहिलो. सांधे मिटले होते. फक्त एका ठिकाणी, त्याच आंब्याच्या फळीच्या कडेला, एक थेंब जमला, फुगला आणि घरंगळला. मग दुसरा.

"येतंय," साहेब म्हणाले.

"येतंय," मी म्हणाले. "मोजू या."

लाकडी होडी पूर्ण कोरडी कधीच नसते. प्रश्न किती, हा असतो. तो पाझर आम्ही वाटीत गोळा केला. प्रस्तावात मी आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेपेक्षा तो बराच कमी भरला. मर्यादा आधी लिहिलेली होती याचे समाधान मला आजही आहे. नंतर लिहिली असती, तर ते शास्त्र झाले नसते. तो वकिली युक्तिवाद झाला असता.

उरला दुसरा प्रश्न. त्यासाठी होडीच्या मध्यभागी एक लांब ओळंबा टांगतात. तो झुलत राहू नये म्हणून त्याचे वजन पाण्याच्या बादलीत सोडतात. मग एका अंगाला ठराविक वजन ठेवायचे आणि दोरी किती सरकली ते पाहायचे. मी वाळूची पोती आणली होती. साहेब म्हणाले, "पोती हलत नाहीत. माणसं हलतात. माणसं बसवा." मागणी रास्त होती. सुनंदाताईंनी आपल्या बचत गटाच्या बायकांना हाक मारली. वजन अचूक हवे म्हणून मी त्यांना एकेक करून मासळीच्या काट्यावर उभे केले.

"मॅडम, भाव काय लावताय आमचा?"

"रखमाचं वजन मोठ्यांदा सांगू नगासा, तिचा मालक हितंच हाय!"

"आगं, त्यानं लग्नातच उचलून बघितलंय, त्याला ठावं हाय."

बायका होडीच्या एका काठाला दाटीने बसल्या. होडी कलली, दोरी बादलीत सरकली आणि थांबली. मी आकडा वाचला. त्यांना उभे राहायला सांगितले, मग एकदम दुसऱ्या काठाला जायला. कलकलाट झाला, होडी डुलली, दुसऱ्या अंगाला गेली आणि परत आली. पुन्हा तसेच केले. पुन्हा परत आली. रुंद पोट आपले काम करत होते. ज्या कुण्या अनामिक हातांनी नदीची होडी या पाण्यासाठी रुंदावली होती, त्यांची गणिते मी त्या दुपारी सोडवत होते आणि ती बरोबर येत होती.

शेवटी साहेब स्वतः होडीत बसले. सुनंदाताईंनी त्यांना वाऱ्यातून एक फेरी मारून आणली. उतरताना त्यांच्या पँटवर पोपटी रंग लागलेला होता. भिजून त्याचे पापुद्रे सुटू लागले होते.

"आजोबा, किती वर्षं टिकेल ही?" त्यांनी विचारले.

तात्या म्हणाले, "पाण्यात ठिवली तर माझ्यापरीस जास्त. आन् रंगवून उन्हात ठिवली तर तुमच्या पँटीयेवढी."

परवानगी मिळाली. पुढे काठावरच्या इतर लाकडी होड्याही एकेक करून माझ्या पद्धतीने तपासल्या गेल्या. काही उत्तीर्ण झाल्या. काहींना मी स्वतः नापास केले; कुजलेले लाकूड वारसा म्हणून तरंगत नाही. लिंबाखालची निम्मी होडी पूर्ण झाली आणि विकलीही गेली. तिच्यानंतर तात्यांनी दुसरी सुरू केलेली नाही, याची मला खंत आहे. होडीच्या बरगडीला मुळातच वाकडी वाढलेली बाभूळ लागते, आणि तशा बाभळी आता बांधावर उरत नाहीत. मी त्यांच्या होड्यांची मापे घेऊन आराखडे काढून ठेवले आहेत. आराखड्यातून होडी पुन्हा बांधता येईल; त्यासाठी बाभळी लावाव्या लागतील, आणि तसा प्रस्ताव माझ्या टेबलावर तयार आहे.

तपासणीच्या छापील सूचनांत आता एक वाक्य माझे आहे: लाकडी होडी तपासणीपूर्वी पाण्यात बुडवून ठेवावी. माझ्या आजवरच्या लेखनातले हे सर्वांत उपयुक्त वाक्य असावे.

यंदा तपासणीला नवे अधिकारी आले. सकाळचे ऊन नुकतेच पाण्यावर पडले होते. सुनंदाताई काठावर चहा घेऊन उभ्या होत्या, तात्या शेजारी उकिडवे बसले होते. नव्या साहेबांनी रिकाम्या काठावरून नजर फिरवली. उथळात थोड्या थोड्या अंतरावर लाकडाची टोके तेवढी वर आली होती. प्रत्येकावर खंडेनवमीचे हळदीकुंकू होते, आणि एकावर दोन पांढरे डोळे.

"मॅडम, होड्या तयार ठेवायला सांगितलं होतं ना?" ते म्हणाले. "कुठं आहेत?"

मी पाण्याकडे बोट दाखवले. "या काय. सगळ्या तयार आहेत."